मालमोटारीच्या दारांतील तार

रस्त्यानें धडधडत जाणाऱ्या मालमोटारीकडे शहरांतील सुशिक्षित मनुष्य क्वचितच कौतुकानें पाहतो. तिच्या कर्ण्यानें त्याचे कान किटतात, तिच्या धुरानें रुमाल नाकाशीं जातो, आणि ती एकदांची पुढें निघून गेली म्हणजे त्याला हायसें वाटतें. परंतु त्याच्याच स्वयंपाकघरांत सकाळीं जे ताजे टोमॅटो येतात, ते कोणीं तरी रात्रभर जागून, घाट उतरून आणलेले असतात. त्या जागणाऱ्या मनुष्याच्या उजव्या हातास गाडीचें एक दार असतें. त्या दाराविषयीं, आणि त्याच्या पोटांत दडलेल्या तारांच्या एका लहानशा जुडग्याविषयीं हें भाषण आहे. विषय गॅरेजांतला खरा. परंतु त्यांतून जो प्रश्न निघतो तो मोटार, शीतकपाट किंवा शिवणयंत्र बाळगणाऱ्या प्रत्येक घरापुढें कधीं ना कधीं येतोच.

जुन्या मालमोटारीचें दार म्हणजे एक पत्रा, एक कडी आणि काच वरखालीं करण्यासाठीं एक फिरवावयाची मूठ, एवढाच प्रपंच असे. विजेला तेथें कांहीं काम नव्हतें. आतां तसें राहिलें नाहीं. ज्या लहान मालमोटारीला सर्वत्र पिकअप म्हणतात, तिच्याही दारांत पुष्कळदां काच चढविणारी मोटर, कुलूप लावणारी दुसरी लहान मोटर, बटणांची पट्टी आणि गाणें ऐकविणारा स्पीकर इतका संसार मांडलेला असतो. मोठ्या गाड्यांची गोष्ट याहून पुढें गेली आहे. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ज्या मालमोटारी १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होतात, त्यांच्या चालककक्षांत वातानुकूलन असलेंच पाहिजे, असा भारत सरकारचा नियम आहे. कक्ष थंड ठेवावयाचा तर काच नीट मिटली पाहिजे. म्हणजे दाराची काच ही पूर्वींपेक्षां अधिक महत्त्वाची वस्तु झाली.

हा संसार चालतो बॅटरीच्या जोरावर. लहान गाडींत ती १२ व्होल्टांची असते. मोठ्या मालमोटारींत बहुधा अशा दोन बॅटऱ्या एकामागें एक जोडून २४ व्होल्ट घेतात. घरांतल्याप्रमाणें येथें प्रत्येक दिव्याला जाणारी व येणारी अशा दोन स्वतंत्र तारा शेवटपर्यंत नेत नाहींत. बॅटरीचें ऋण टोक गाडीच्या लोखंडी अंगालाच जोडलेलें असतें. वीज तारेनें जाते व अंगावाटे परतते. या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात. परंतु दार हें गाडीला केवळ बिजागऱ्यांनीं लटकलेलें. बिजागरींत वंगण, गंज आणि धूळ यांची वस्ती. तिच्यावर विजेच्या परतीचा भार टाकतां येत नाहीं. म्हणून जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा गाडीच्या खांबांतून दारांत न्याव्या लागतात. जेथें खांब संपतो आणि दार सुरू होतें, तेथें पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची एक रबरी नळी असते. तींतून तें जुडगें ओलांडतें. दार उघडलें कीं तें ताणतें, मिटलें कीं वाकतें.

चालक दिवसांतून ३० वेळां चढला-उतरला आणि गाडी वर्षांतून ३०० दिवस चालली, असें धरलें तर तें जुडगें वर्षाला ९,००० वेळां वाकतें. दहा वर्षांत ९०,००० वेळां. एकेक वांकण अगदीं सौम्य असतें. त्यानें तांबें तुटेल असें कोणाच्या मनांतही येणार नाहीं. परंतु धातूंना थकवा येतो. बळकट दोरीलाही न तुटणारी लोखंडी तार मूल हातांत घेऊन पुढें-मागें वाकवीत बसलें, म्हणजे थोड्याच वेळांत तिचे दोन तुकडे होतात, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे.

या थकव्याची ओळख शास्त्राला मोठ्या दुःखांतून झाली. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या पुढल्या एंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांचीं दारें त्या काळच्या रिवाजाप्रमाणें बाहेरून कुलुपें लावून बंद केलेलीं होतीं. पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दक्षिण समुद्रांचा संशोधक द्यूमाँ द्युर्व्हील हा त्यांपैकीं एक होता. आंस जाड होता, परंतु लक्षावधि फेऱ्यांनीं तो चिरत आला होता. पुढें ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केलें कीं एका घावांत जो धातु मोडत नाहीं, तोच पुष्कळ लहान ताणांच्या आवर्तनांनीं मोडतो. मालमोटारीच्या दारांतील तार याच नियमानें मरते. फक्त तिच्या मरणाचा आवाज होत नाहीं.

आतां एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. जुलै महिना आहे. जुन्नर तालुक्यांतील एक चालक, गाडीचा मालकही तोच, टोमॅटोचे क्रेट भरून रात्रीं माळशेज घाटानें कल्याणच्या बाजूस उतरत आहे. पहाटे वाशीच्या बाजारांत पोंचावयाचें आहे. गाडीचे हप्ते अजून फिटलेले नाहींत. उजव्या दाराची काच पंधरा दिवसांपासून त्रास देत आहे. प्रथम ती हळू चढूं लागली. मग एखादे दिवशीं मुळींच चढेना. दार उघडून पुन्हां आपटलें कीं चढे. मग दाराचें कुलूपही लागेनासें झालें. शेवटीं शेवटीं दार सताड उघडलें कीं फ्यूज जाऊं लागला. वाटेवरच्या एका दुकानांत त्याला सांगण्यांत आलें, "मोटर गेली, नवी टाका." दुसऱ्या ठिकाणीं एकानें परोपकारबुद्धीनें फ्यूजच्या जागीं तांब्याच्या जाड तारेचा तुकडा बसवून दिला आणि म्हटलें, "आतां फ्यूज जायचा नाहीं." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें.

घाटांत धुकें दाटलें होतें. ताडपत्रीची दोरी सैल झाल्यासारखी वाटली म्हणून चालकानें गाडी कडेला घेतली, दार उघडून तो खालीं उतरला, दोरी आवळली आणि परत येतो तों रबर जळल्याचा वास. दाराच्या खांबापाशीं धुराची बारीक रेघ वर चढत होती. त्यानें एंजिन बंद केलें, पाना घेऊन बॅटरीचें ऋण टोक सोडविलें. धूर थांबला. मग त्यानें तो तांब्याचा तुकडा उपटून खिशांत टाकला, टोक पुन्हां जोडलें, आणि अर्धी उघडी राहिलेली काच तशीच ठेवून, उजवा खांदा पावसांत भिजवीत तो घाट उतरला. बाजार गांठला, माल विकला गेला. दोरी आवळावयास आणखी पांच मिनिटें लागलीं असतीं तर काय झालें असतें, याचा विचार तो वाशीपर्यंत करीत होता.

फ्यूज हा मोटरीचें रक्षण करण्यासाठीं असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो मुख्यतः तारेचें रक्षण करतो. जेम्स जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि दसपट झाला तर शंभरपट. उघडी पडलेली तार गाडीच्या पत्र्याला टेंकली कीं बॅटरी शेंकडों अँपियर ओतूं शकते. अशा वेळीं साऱ्या मार्गांत सर्वांत आधीं वितळावी अशी एक नाजूक जागा मुद्दाम ठेवलेली असते, तीच फ्यूज. तिच्या जागीं जाड तार बसविली किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळली, तर वितळण्याचें काम दुसऱ्या कोणाला तरी करावें लागतें. आणि तें बहुधा जुडग्यांतील तारच करते, शेजारच्या तारांना व रबराला सोबत घेऊन. वारंवार जाणारा फ्यूज हा शत्रु नव्हे. तो एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगणारा प्रामाणिक साक्षीदार आहे.

परतीच्या वाटेवर, मुरबाडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका लहान गॅरेजांत चालकानें गाडी उभी केली. तेथें एक वयस्क वायरमन होता. त्याला सारे काका म्हणत. हाताखालीं सोळा-सतरा वर्षांचा एक पोऱ्या होता.

चालक म्हणाला, "काका, उजवी मोटर बदलून टाका. पैशाचं बघूं."

काका म्हणाले, "बदलूं कीं. पण ती मेली, हें कोणीं पाहिलं? काच कधीं चढते, दादा?"

"दार उघडून आपटलं कीं चढते कधीं कधीं."

"आणि कुलूप?"

"तेंही त्याच सुमाराला गेलं."

"दोन मोटरी एकाच आठवड्यांत मरत नाहींत, दादा. दोघींची वाट एक आहे. आधीं वाट बघूं."

त्यांनीं प्रथम योग्य मापाचा नवा फ्यूज बसविला. चालकास काचेचें बटण दाबून धरावयास सांगितलें, आणि स्वतः दार धरून तें तसूतसूनें उघडूं लागले. दार वीतभर उघडलें तों मोटर कण्हली, काच बोटभर हलली आणि पुन्हां थांबली. काकांनीं त्याच जागीं दार धरून रबरी नळी चिमटींत दाबली. मोटर पुन्हां कण्हली. दोषाची जागा सांपडली होती, आणि अजून एकही खिळा सुटला नव्हता.

पोऱ्या उतावीळ झाला. "मग पॅनेल कशाला काढायचं, काका? रबर सरकवूं आणि तिथंच जोड मारूं."

"जिथं वाकून तुटली, तिथंच जोड मारलास तर तो जोड किती दिवस वाकेल? जोड दाराच्या आंत बसला पाहिजे, जिथं तार हलत नाहीं. त्यासाठीं दार उघडायचं."

दार उघडणें म्हणजे दाराचें आंतलें आवरण काढणें. यालाच कोणी पॅनेल तर कोणी पॅड म्हणतात. हें काम ज्यानें केलेलें नाहीं, तो प्रथम कडेला पेचकस घालून ओढतो, आणि प्लास्टिकचा तुकडा हातांत येतो. काकांची रीत निराळी होती. त्यांनीं आधीं बॅटरीचें ऋण टोक सोडविलें. कांहीं नव्या वाहनांच्या दारांत अपघाताच्या वेळीं हवेची उशी फुगविण्याशीं संबंध असलेलीं साधनें असतात, त्यांच्या तारांना बहुधा पिवळें आवरण असतें, आणि तीं चालू विजेवर छेडावयाचीं नसतात. या गाडींत तसें कांहीं नव्हतें. तरी संवय ती संवय.

मग त्यांनीं पॅनेलवरून नुसतीं बोटें फिरविलीं. स्क्रू उघडे क्वचितच असतात. एक हात टेंकावयाच्या दांडीच्या खळग्यांत, एक आंतल्या मुठीमागें लहानशा झांकणाखालीं, एक-दोन तळाशीं कडेला. प्रत्येक स्क्रू निघाला कीं पोऱ्यानें तो पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर टोंचून ठेवावयाचा; पुठ्ठ्यावर दाराची आकृति काढलेली, आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागीं टोंचलेला. कारण लांबी सर्वांची सारखी नसते, आणि आंखूड स्क्रूच्या जागीं लांब स्क्रू गेला तर तो आंतली तार भोंसकूं शकतो. स्क्रू संपल्यावर कडेच्या क्लिपा उरतात. त्या दिसत नाहींत. पॅनेलच्या पाठीशीं बसून पत्र्याच्या भोंकांत रुतलेल्या असतात. त्यांच्याजवळ रुंद चपटी पट्टी घालून एकेक क्लिप तिच्या मुळाशींच उचलावी लागते. "ओढूं नकोस. कुठं धरलं आहे तें आधीं शोध, आणि तिथंच सोडव," एवढेंच काका म्हणत होते.

सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅनेल बाहेर ओढावयाचें नसतें. काचेच्या फटींत वरची कड अडकवलेली असते, म्हणून तें सरळ वर उचलावयाचें. आणि उचललें तरी लगेच दूर न्यावयाचें नसतें, कारण बटणांच्या तारा आणि कुलपाची दोरी अजून त्याला बांधलेल्या असतात. काकांनीं पॅनेल गुडघ्यावर तोलून धरलें, कपलरची जीभ दाबून तो सोडविला, दोरी तिच्या खांचेंतून काढली, आणि मगच पॅनेल पोत्यावर निजविलें. मागें पत्र्याला काळ्या चिकट डिंकानें चिकटविलेला प्लास्टिकचा कागद होता. तोही न फाडतां अर्धा सोलून वर टांचून ठेवला. पत्र्याच्या आंतील कडा सुरीसारख्या असतात, आणि काचेचें मशीन अवचित हललें तर बोट चेंगरतें. म्हणून पोऱ्याचा हात त्यांनीं दोनदां मागें ओढला.

आतां पहिली परीक्षा मोटरीची. तिचा कपलर सोडवून गॅरेजांतील दुसऱ्या बॅटरीवरून दोन तारांनीं तिला थेट वीज दिली. काच एका दमांत वर गेली. चालक पाहतच राहिला. जी मोटर मेली म्हणून दोन ठिकाणीं त्याला नवी घ्यावयास लावीत होते, ती ठणठणीत होती. काकांनीं काच वर असतांनाच तिला चौकटीशीं चिकटपट्टीनें बांधून टाकलें, म्हणजे काम चालू असतां ती घसरूं नये.

दुसरी परीक्षा वाटेची. बॅटरी पुन्हां जोडून, बटणांची पट्टी कपलरला लावून, पोऱ्यानें मोटरीच्या कपलरवर मापक धरला. कांटा भरला १२ व्होल्ट दाखवीत होता. "काका, तार तर चांगली आहे!" काकांनीं मापक बाजूला ठेवून हेडलाईटचा एक जुना बल्ब त्याच टोकांना लावला. तो लालसर मिणमिणला आणि तसाच राहिला.

या दोन उत्तरांतील भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. मापक जवळजवळ कांहींच प्रवाह मागत नाहीं. तारेचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी त्याच्यापुरती वीज पोंचते, आणि तो पूर्ण व्होल्ट दाखवितो. मोटर मात्र काम करण्यासाठीं प्रवाह मागते. हिशेब सोपा करण्यासाठीं असें धरावें कीं मोटरीचा रोध १ ओहम आहे आणि त्या जीर्ण तुकड्याचाही १ ओहम झाला आहे. जॉर्ज ओहम याच्या १८२७ सालच्या नियमानें मार्गांत ६ अँपियर वाहतील. १२ पैकीं ६ व्होल्ट तारेंतच खर्ची पडतील आणि मोटरीला निम्मेच मिळतील. एवढेंच नव्हे, तर त्या एका ठिपक्याएवढ्या जागीं ३६ वॉट उष्णता होईल. डाग देण्याच्या लहान कहाव्याला तितकी पुरते. आणि ६ अँपियर हा प्रवाह मोठा नसल्यामुळें फ्यूजही जाणार नाहीं. भार न टाकतां घेतलेली परीक्षा किती फसवी असते, हें त्या मिणमिणत्या बल्बानें दाखवून दिलें.

बॅटरी पुन्हां सोडवून काकांनीं रबरी नळी दोन्ही तोंडांशीं मोकळी केली आणि मागें सरकवली. जुडग्यांतल्या काळ्या परतीच्या तारेचें आवरण वरून धड दिसत होतें; परंतु बोटांनीं चाचपतांच एके जागीं ती मऊ लागली. आवरण चिरलें तों आंत हिरवा कळंक आणि दोनच धागे शाबूत. शेजारच्या लाल तारेचें आवरणच तडकून तांबें उघडें पडलेलें, आणि खांबाच्या पत्र्यावर जेथें तें टेंकत असे तेथें काळा डाग. काच हळू चढण्याचें कारण काळी तार, फ्यूज जाण्याचें आणि घाटांतल्या धुराचें कारण लाल तार. पंधरा दिवसांचीं सारीं लक्षणें त्या बोटभर लांबीच्या जागीं एकत्र आलीं.

दुरुस्तीस फारसें सामान लागलें नाहीं. बारीक बारीक पुष्कळ धाग्यांची, म्हणजे सहज वाकणारी, त्याच जाडीची तार घेतली. एका वेळीं एकच जुनी तार कापून नवी जोडावयाची, म्हणजे रंगांची अदलाबदल होत नाहीं. जोडावर चढवावयाची नळी जोडण्यापूर्वींच तारेंत ओंवून ठेवावयाची. पोऱ्या पहिल्या वेळीं ती विसरला आणि जोड पुन्हां सोडावा लागला. सर्व जोड एका जागीं येऊं दिले नाहींत. एक पुढें, एक मागें, म्हणजे गांठ जाड होत नाहीं आणि दोन जोड एकमेकांना घांसत नाहींत. प्रत्येक जोडाची एक बाजू खांबाच्या आंत, दुसरी दाराच्या आंत. मधल्या वाकणाऱ्या भागांत अखंड तार. डाग दिलेली तार कथील शोषून काठीसारखी ताठ होते आणि डागाच्या कडेलाच पुन्हां तुटते, म्हणून डाग वाकणाऱ्या जागेपासून दूर. मग दार पुरतें उघडून-मिटून पाहिलें, तारेला ताण पडत नाहीं आणि ती काचेच्या वाटेंतही येत नाहीं याची खात्री केली, आणि जुडगें बांधून टाकलें. बॅटरी जोडून तोच बल्ब पुन्हां लावला. या वेळीं तो डोळे दिपतील असा पांढरा पेटला.

काम संपल्यासारखें दिसत होतें. काकांच्या लेखीं तें अर्धें झालें होतें. पावसाचें पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटांत थोडें उतरतेंच. तें खालच्या कडेला ठेवलेल्या भोंकांवाटे निघून जावें आणि चालककक्षांत येऊं नये, यासाठीं तो प्लास्टिकचा कागद असतो. तो फाटका किंवा सैल ठेवला तर पुढच्या पावसांत पायाखालचा गालिचा भिजतो आणि नवें जोडही सडतात. भोंकांत घाटाचा चिखल बसला होता. काकांनीं तारेनें तो कोरून काढला, कागदाची कड काळ्या डिंकावर अंगठ्यानें दाबत दाबत परत चिकटविली, आणि काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतलें. पाणी दाराखालून धारेनें बाहेर पडलें. कागद कोरडा राहिला.

शेवटची परीक्षा कुलपाची. कुलपाची दोरी मुठीला अडकवून, पण दार उघडेंच ठेवून, काकांनीं पेचकसानें खटका बसवला आणि आंतली मूठ ओढली. खटका सुटला. मगच त्यांनीं दार मिटूं दिलें. पोऱ्यानें कारण विचारलें. "दोरी चुकली असली आणि दार मिटलं, तर मग पॅनेल कुठून काढशील? आणि दार आधीं उघडायला हवं, बाळ. कुलूप लागणं नंतरचं." व्हर्सायच्या गाडीचें नांवही न ऐकलेल्या त्या माणसानें तिचें सार आपल्या परीनें सांगितलें. पॅनेल वरून खालीं बसलें, मोडलेल्या दोन क्लिपांच्या जागीं नव्या आल्या, पुठ्ठ्यावरील प्रत्येक स्क्रू आपल्या घरीं गेला, आणि पुठ्ठा रिकामा झाला.

चालकानें पैसे विचारले. तारेचे, नळीचे आणि क्लिपांचे मिळून किरकोळ झाले. बाकी दीड प्रहराची मजुरी. ती मोटरीच्या किंमतीहून बरीच कमी होती. तरीही चालकाचा हात खिशांत क्षणभर थांबला, कारण डोळ्यांना दिसावें असें नवें कांहींच गाडींत आलें नव्हतें. मग त्याच हाताला खिशांतला तो तांब्याचा तुकडा लागला. त्यानें तो काढून काकांच्या पुढ्यांत ठेवला आणि मजुरी पुरी मोजून दिली. काकांनीं जुन्या तारेचा दोन धाग्यांवर लोंबणारा तुकडा त्याला दिला. "हा गाडींत ठेवा. पुढं कोणी मोटर बदला म्हटलं, तर आधीं हा दाखवा."

तो क्षणभर थांबलेला हात शहरांतील घरांनाही ओळखीचा आहे. दारीं आलेला कारागीर नवा भाग बसवून गेला, तर त्याचें देणें मनुष्य मुकाट्यानें देतो. भाग खोक्यांतून आलेला असतो, त्याच्यावर किंमत छापलेली असते. परंतु तोच कारागीर दोन तास बसून जुनाच भाग चांगला आहे असें दाखवून देतो, तेव्हां "यानें केलें तरी काय?" असा प्रश्न निघतो. या वृत्तीचा परिणाम उघड आहे. शोधाचे पैसे मिळत नाहींत आणि भागाचे मिळतात, असें कळल्यावर पुष्कळ कारागीर शोधणें सोडून देतात आणि बदलूं लागतात. चांगली मोटर भंगारांत जाते, दोष होता तेथेंच राहतो, आणि फ्यूजच्या जागीं तांब्याचा तुकडा बसतो. त्या तुकड्याला जितका तो बसविणारा जबाबदार, तितकाच शोधाची मजुरी नाकारणारा गिऱ्हाईकही जबाबदार आहे.

घरच्या मोटारीच्या दारांतही बहुधा तशीच रबरी नळी असते. काच हळू चढूं लागली, दार हलवल्यावर चालूं लागली, काच व कुलूप एकदम बंद पडलें, किंवा दार उघडतांच फ्यूज गेला, तर हीं लक्षणें कागदावर लिहून वायरमनच्या हातीं द्यावीं. भाग बदलण्यापूर्वीं तो खरोखर मेला आहे हें दाखवावयास सांगावें. फ्यूज ठरल्या मापाहून मोठा बसवूं देऊं नये. आणि त्यानें जर अर्धा दिवस खर्चून बोटभर तार शोधली, तर तो अर्धा दिवस पुरा मोजून द्यावा.

त्या रात्रीं चालक पुन्हां माळशेज चढत होता. गाडी रिकामी होती. पाऊस तसाच होता. घाटाच्या पायथ्याशीं त्यानें बटण दाबलें. काच सरळ वर गेली आणि चौकटींत बसली. पावसाचा आवाज बाहेर राहिला.